अथीना की आर्टेमिस?

ग्रीक देवींमधून स्त्रीस्वभाव वाचण्याची कल्पना अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जीन शिनोडा बोलेन यांच्या १९८४ च्या पुस्तकामुळे बरीच पसरली. राशिभविष्यासारखं ते घेऊ नये. एकाच बाईत अनेक देवी नांदतात, असं त्याच म्हणतात. अथीना आणि आर्टेमिस त्यांच्या एकाच गटात येतात: अविवाहित, स्वयंपूर्ण, नवऱ्यावाचून काही न अडणाऱ्या.

पण अथीना बापाची लेक. देवांचा राजा झ्यूसच्या डोक्यातून चिलखतासकट जन्मली. शहर, विणकाम, युद्धाचे डावपेच ही तिची खाती. ग्रीक वीर ओडिसियसला युक्त्या तीच पुरवते. आईला मारणाऱ्या ओरेस्टिसच्या खटल्यात, प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकात, 'मला जन्म देणारी आईच नाही' म्हणत ती त्याच्या बाजूने मत देते. पुरुषांच्या बैठकीत चटकन रुळणारी, बायकांची बाजू घेताना मात्र कचरणारी हुशार बाई आठवतेच.

आर्टेमिसला रान, धनुष्य आणि सख्यांचा मेळा पुरे. एका कथेत ती जन्मताच आई लेटोला जुळ्या भावाच्या, अपोलोच्या, जन्मावेळी मदत करते. बाळंतिणी तिचा धावा करत. रागाला मात्र दयामाया नाही. शिकारी अ‍ॅक्टिऑनला ती आंघोळ करताना चुकून दिसली, तर त्याचं हरीण केलं आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं!

नोकरीत अथीना कामाला येते. मैत्रीण म्हणून मी आर्टेमिसच निवडेन.