मी खात्री करून घेतली होती

आधीच सांगतो, म्हणजे "अहो, एक फोन तरी करायचा" असं म्हणायची घाई कोणी करणार नाही. पैसे पाठवण्याआधी मी फोन करून खात्री करून घेतली होती. तरी गेले.

आमचा व्यवसाय छोटा. मी, माझा भागीदार आणि हिशेब बघणाऱ्या एक ताई. यंत्रांचे सुटे भाग बरीच वर्षं एकाच सप्लायरकडून घेतो. त्यांचं बिल मेलवर येतं, आम्ही बँकेतून पैसे पाठवतो, पोचल्याचा मेल येतो. त्या दिवशीही बिल आलं आणि दोनेक तासांनी त्याच मेलखाली दुसरा मेल आला: ऑडिट चालू असल्यामुळे नेहमीचं खातं तूर्त बंद आहे, या खेपेचे पैसे सोबतच्या बिलातल्या नव्या खात्यावर पाठवावेत. खाली आमचा जुना पत्रव्यवहार जसाच्या तसा होता. मागच्या वेळी एक बेअरिंग तडकलेलं आलं होतं, त्यावरची माझी कुरकुरही त्यात होती. लोगो तोच, सही तीच.

खातं बदललेलं बघून मला खटकलं. म्हणून सहीखालचा नंबर लावला. पलीकडच्याने फर्मचं नाव घेऊन "बोला साहेब" म्हटलं. ऑडिटवाल्यांनी कसं डोकं खाल्लंय ते सांगितलं, वर "तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, हल्ली फसवणूक फार चालते" असंही म्हणाला. बेअरिंग बदलून मिळालं ना, याचीसुद्धा चौकशी केली. मी निर्धास्त झालो आणि पैसे पाठवले.

त्या नंबरातले शेवटचे दोन आकडे बदललेले होते. खरा नंबर माझ्या मोबाइलमध्ये नावासकट होता. पण मेल समोर उघडा होता, म्हणून तिथलाच लावला. चोर कोण आहे हे मी चोरालाच विचारलं आणि त्याने अगदी अदबीने उत्तर दिलं.

९ दिवसांनी सप्लायरकडच्या हिशेबाच्या बाईंचा फोन आला. "साहेब, राग मानू नका, पण तीन मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही." मला एकही मेल आला नव्हता. मी उलट त्यांच्यावरच चढलो, पैसे कधीच पाठवलेत, तुमचं ऑडिट आटपा म्हणालो. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "कसलं ऑडिट?" ते दोन शब्द अजून कानात आहेत.

मग पाठवणाऱ्याचा पत्ता मोठा करून बघितला. सप्लायरच्या नावात इंग्रजी एम आहे. या पत्त्यात त्या जागी आर आणि एन ही दोन अक्षरं शेजारीशेजारी होती. छोट्या टायपात ती इतकी चिकटतात की एमच वाटतो. तुम्ही स्वतः टाइप करून बघा.

आता प्रश्न असा, की त्याला बेअरिंग कसं माहीत? दोष सप्लायरकडे असेल, त्यांचा मेल फुटला असेल, असं मला मनापासून वाटत होतं (आणि हवंही होतं). माझा भाचा या कामातला. तो येऊन माझ्या लॅपटॉपसमोर बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, हा रूल तू बनवलास?" मेलमध्ये रूल नावाची गोष्ट असते हेच मला माहीत नव्हतं. माझ्या खात्यात दोन रूल होते. एक, येणारा प्रत्येक मेल बाहेरच्या एका पत्त्यावर फॉरवर्ड करायचा. दुसरा, त्या सप्लायरच्या खऱ्या पत्त्यावरून काही आलं, की ते वाचलेलं म्हणून नोंदवून 'आरएसएस फीड्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. तो फोल्डर मी जन्मात उघडला नव्हता. भाच्याने उघडला. बाईंचे तिन्ही मेल तिथे होते. शेवटचा चांगलाच काकुळतीचा होता.

आत शिरायला वाट मीच दिली होती. महिनाभर आधी एका ओळखीच्या ग्राहकाकडून "फाइल शेअर केली आहे" असा मेल आला होता. तो खरंच त्याच्याच खात्यातून आला होता, कारण त्याचं खातं आधीच चोराच्या हाती गेलेलं होतं. लिंक दाबली, लॉगिनचं पान आलं. पत्त्यापाशी कुलूप होतं, म्हणून मी विश्वास ठेवला. कुलपाचा अर्थ इतकाच, की मधला रस्ता बंदिस्त आहे. रस्त्याच्या टोकाला कोण बसलंय हे ते सांगत नाही. एक गोष्ट मात्र आठवते. एरवी ब्राउझर पासवर्ड आपोआप भरतो, त्या दिवशी भरला नाही. मी वैतागलो, "याला काय झालं आता" म्हणत हाताने टाइप केला. ब्राउझर साठवलेला पासवर्ड त्याच संकेतस्थळावर भरतो जिथला तो आहे. त्याला पत्ता वेगळा दिसला होता, मला नाही. माझ्या हाताखालचं यंत्र गप्प राहून इशारा देत होतं आणि मी त्यालाच बिघडलेलं ठरवलं.

बाईंचा फोन आला त्याच दिवशी मी पासवर्ड बदलला होता, पण रूल सापडायला आणखी ४ दिवस गेले आणि तेवढे दिवस आमचे मेल त्याला जातच राहिले. पासवर्ड बदलून रूल जात नाहीत. म्हणून खातं फुटलं असेल तर नुसता पासवर्ड बदलून बसू नका. फॉरवर्डिंग आणि रूल बघा, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि मेल आपलाच आहे का बघा, कुठल्या अ‍ॅपला परवानगी दिली आहे तेही तपासा. दोन टप्प्यांची पडताळणी माझ्याकडे नव्हती. आता आहे. मोबाइलवर येणारा कोडही खोटं पान तुमच्याकडून घेऊन तिकडे खऱ्या पानावर लगेच वापरू शकतं, म्हणून जिथे पासकी (पासवर्डऐवजी आपल्याच फोनवर किंवा लॅपटॉपवर बोटाचा ठसा वा पिन देऊन लॉगिन करायची सोय) चालते तिथे मी ती लावली आहे. ती खोट्या पत्त्यावर चालतच नाही, माझी नजर कितीही चुकली तरी.

बँकेत लगेच गेलो. पण ९ दिवसांनंतरच्या 'लगेच'ला अर्थ नसतो. अशा वेळी पहिले काही तासच हातात असतात, तेवढ्यात बँकेने समोरच्या बँकेला गाठलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. आमच्या वेळी ते खातं रिकामं होऊन गेलं होतं. व्यवहार तुम्ही स्वतःच मंजूर केलात, असं वर ऐकून घ्यावं लागलं. चूक नव्हतं ते. पोलिसांत तक्रार दिली. पुढे काही आठवड्यांनी कोणा 'वसुली तज्ज्ञा'चा मेसेज आला, थोडी फी भरा, पैसे सोडवून देतो म्हणून. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. मी नंबर ब्लॉक केला, पण खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं बोट थांबलं होतं.

लाज वाटून मी बरेच दिवस हे कोणाला सांगितलं नाही. मग वाचनात आलं, की २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातल्या एका माणसाने याच युक्तीने गूगल आणि फेसबुककडून मिळून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली होती. दोन्ही कंपन्यांना माल पुरवणाऱ्या तैवानी कंपनीच्या नावाने खोटी बिलं पाठवली, बस. २०१९ मध्ये त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. त्या कंपन्यांकडे किती माणसं असतील, काय काय यंत्रणा असेल! मला जरा बरं वाटलं हे कबूल करतो.

आता हिशेबाच्या ताईंच्या टेबलावर काचेखाली सगळ्या सप्लायरांचे नंबर हाताने लिहून ठेवले आहेत. खातं बदललं म्हटलं की त्या कागदावरूनच फोन, आणि मी नाही तर भागीदार ऐकायला बसलेला. परवा एकाने खरोखरच बँक बदलली. मी फोन लावला तर तो कातावला, "अहो, मेल केलाय ना सगळा!"

"केलाय, म्हणूनच फोन केला," मी म्हटलं.

त्याने कंटाळत खाते क्रमांक वाचून दाखवला, दोन-दोन आकडे करून. ताईंनी एकेका आकड्यावर पेन्सिलीने खूण केली.