मांडीवर गाढ, गादीवर टक्क जागं: नवजात बाळाला खाली ठेवायचे तीन मार्ग

रात्रीचे अडीच वाजलेत. बाळ खांद्यावर सैल पडलंय, तोंड अर्धवट उघडं, एक हात लोंबतोय. तुम्ही श्वास रोखून वाकता. पाठ टेकते, डोकं टेकतं. मानेखालचा हात बोटाबोटाने काढत मनगटापर्यंत आणलेला असतो, आणि डोळे टक्क! थोरल्याच्या वेळी तो शेवटचा हात काढायची मला हिंमतच होईना. एकदा तर पलंगाच्या कडेला ओणवी होऊन मी तशीच पेंगले होते.

यावर सल्ले उदंड मिळतात, पण ते सगळे चाळले की तीनच मार्ग उरतात. बाळाला पूर्ण झोपवून मग ठेवायचं, नुसतं पेंगुळलेलं असताना ठेवायचं, किंवा ठेवायचंच नाही. यातला कुठला घ्यावा हे ठरवताना मी एवढंच बघेन, की ते नेमकं कधी उठतं.

त्याआधी एक. बाळ दूध नीट पीत नसेल, ओले लंगोट कमी झाले असतील, उलटी हिरवी असेल, श्वासाला त्रास दिसत असेल, रडणं नेहमीपेक्षा वेगळं, चिरकं वाटत असेल, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर हा झोपेचा प्रश्न नव्हे. थेट डॉक्टरांकडे जा.

आणि “हाताची सवय लागेल” ही धास्ती तूर्त बाजूला ठेवा. नवजात बाळ दिवसाला साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांत. त्यातली जवळपास निम्मी झोप चाळवलेली असते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात, मधूनच ते कण्हतं. मोठी माणसं चाळवलेल्या झोपेपर्यंत गाढ झोपेतून पोचतात, बाळ मात्र सुरुवातच तिथून करतं. डोळे मिटले म्हणून ते झोपलं असं धरून ठेवायला जाल तर फसाल. दिवस-रात्रीचं घड्याळही दोन-तीन महिन्यांपर्यंत नीट लागलेलं नसतं. एवढ्याशा जिवाला शिस्त लावायची म्हणजे नेमकं काय लावायचं?

झोपवून ठेवायचं

जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली २१ बाळांवर केलेला अभ्यास मला इथे सगळ्यात कामाचा वाटतो. रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून आईने सलग पाच मिनिटं, न थांबता, चालायचं. त्यात रडणं थांबलं आणि जवळपास निम्मी बाळं झोपलीसुद्धा. नुसतं धरून बसल्याने हे साधलं नाही. मात्र लगेच खाली ठेवलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बाळं वीस सेकंदांत जागी झाली. म्हणून त्यांनी सुचवलं, की बाळ झोपल्यावर त्याला घेऊन आणखी पाच ते आठ मिनिटं बसा आणि मगच ठेवा.

त्यातलं दुसरं निरीक्षण तर मला थोरल्याच्या वेळीच हवं होतं. बाळाच्या हृदयाचे ठोके वाढायला लागतात ते पाठ गादीला लागल्यावर नव्हे, तर आईच्या अंगापासून ते सुटायला लागतं तेव्हा. आम्ही मात्र “गादी गार लागते” म्हणून चादर ऊबदार करत बसलो होतो. (गरम पाण्याची पिशवी वापरलीच तर बाळाला ठेवण्याआधी ती काढा. भाजण्याची भीती असते.) त्यामुळे आता मी ठेवताना बाळासोबत स्वतःही गादीपर्यंत वाकते, छाती त्याला लागलेलीच राहू देते. ते पूर्ण टेकलं की आधी छाती सोडवते, मग हात, आणि तळवा तेवढा पोटावर मिनिटभर तसाच.

या मार्गात वेळ जातो. पाच आणि आठ, वर ढेकर काढायची, म्हणजे प्रत्येक खेपेला पंधरा-वीस मिनिटं. पाठ दुखरी असेल, किंवा टाके ताजे असतील, तर चालायचं काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या.

पेंगुळलेलं ठेवायचं

डोळे जड झालेत पण मिटलेले नाहीत, अशा वेळी बाळाला पाठीवर ठेवायचं, छातीवर हात, हलकं थोपटणं, तोंडाने हळू “श्श”. याचा फायदा उघड आहे. ठेवायचा तो नाजूक क्षणच उरत नाही. पण शांत बाळांना हे जमतं आणि कुरकुऱ्यांना जमत नाही, यात तुमच्या कौशल्याचा भाग फारच थोडा. मी असं सांगेन, की दिवसातून एकदा, सकाळच्या पहिल्या झोपेला, करून बघा. रडं फुटलं की उचला. रडत ठेवून झोप शिकवायच्या पद्धती या वयासाठी नाहीतच.

याच मार्गाने मला एक गोष्ट कळली. बाळ कण्हलं, हातपाय झाडले, की आपण झडप घालून उचलतो. पुष्कळदा ते त्या चाळवलेल्या झोपेतच असतं. त्याला उठवतो आपणच. थोडं थांबा, डोळे उघडलेत का बघा.

ठेवायचंच नाही

दिवसा बाळ अंगावर बांधून वावरायचं. मॉन्ट्रियलमधल्या एका अभ्यासात, १९८६ साली, निरोगी बाळांना रोज जास्त वेळ अंगावर वागवल्यावर सहाव्या आठवड्यात त्यांचं रडणं-किरकिरणं ४३ टक्क्यांनी कमी भरलं. पोटशुळाने रडणाऱ्या बाळांवर नंतर घेतलेल्या चाचणीत तसा फरक दिसला नाही, हेही लक्षात असू द्या. बांधताना चेहरा सतत दिसला पाहिजे, नाक दबता कामा नये, आणि हनुवटी छातीला चिकटू नये. तान्ह्या बाळाची मान पुढे पडली की श्वासाची वाट अडते.

दिवसा हा मार्ग मला सगळ्यात सोपा वाटतो. रात्री तो बाद, कारण रात्री तुम्हालाच झोप लागणार. बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डोळा लागणं फार धोक्याचं. पाजताना झोप लागेलसं वाटत असेल तर त्यापेक्षा उशा-पांघरुणं काढून टाकलेला पलंग बरा, आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेवा. ती जागा म्हणजे तुमच्याच खोलीतली, वेगळी, सपाट, घट्ट गादी. बाळ पाठीवर, बाजूला उशी, लोड, खेळणं काही नाही. तिरकी आसनं, झोके, गाडीतली सीट यांत ते पटकन झोपतं खरं, पण ती नेहमीच्या झोपेची जागा नव्हे. १० अंशांपेक्षा जास्त तिरक्या बाळ-बिछान्यांवर अमेरिकेने २०२२ साली कायद्याने बंदी आणली.

जोडीला काय

टेकवताच हात फाकून दचकत असेल तर दुपट्यात गुंडाळणं हा पहिला उपाय. या दचकण्याला, १९१८ साली त्याचं वर्णन करणाऱ्या डॉक्टरांच्या नावावरून, मोरो प्रतिक्षेप म्हणतात. काही महिन्यांत तो आपोआप ओसरतो. हात आवळा, पण मांड्या फाकून दुमडता आल्या पाहिजेत, नाहीतर खुब्याला इजा होते. गुंडाळलेलं बाळ फक्त पाठीवर. कूस बदलायची धडपड सुरू झाली की त्याच दिवशी गुंडाळणं बंद. वजन भरलेली दुपटी घेऊच नका.

एकसुरी खर्र आवाजाचाही उपयोग होतो. १९९० सालच्या एका चाचणीत २० नवजात बाळांपैकी १६ असा आवाज ऐकून पाच मिनिटांत झोपली, आवाज नसलेल्या गटात २० पैकी ५. असा आवाज काढणारं यंत्र मात्र पाळण्यात ठेवू नका. दोन मीटर लांब, आवाज हळू. यातली काही यंत्रं पूर्ण आवाजात कानाला इजा करण्याइतकी मोठी वाजतात.

मग निवडायचं कसं? हात सुटताच उठत असेल तर पहिला मार्ग, आणि ती आठ मिनिटं चुकवायची नाहीत. दचकून उठत असेल तर आधी दुपटं. वीस-पंचवीस मिनिटांनी उठत असेल, तर ठेवण्याची कला सुधारून फार काही होणार नाही. तिथे आवाज, थोपटणं, आणि झडप न घालणं. संध्याकाळी काहीच चालत नसेल, विशेषतः सहाव्या आठवड्याच्या आसपास, तर ठेवायचा नाद सोडा, अंगावर बांधा आणि आपलं जेवण उरका. आणि संताप अनावर होतोय असं वाटलं, तर रडतं बाळ पाळण्यात पाठीवर ठेवून पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर जा. रडण्याने त्याला काही होत नाही, हलवण्या-गदागदवण्याने मेंदूला कायमची इजा होते.

आमच्या धाकटीला दिवसा बांधत होते, रात्री चालायचं काम नवऱ्याकडे. आठ मिनिटांचा हिशेब तो भिंतीवरच्या घड्याळात बघायचा. सातव्या मिनिटाला ठेवलेली मी ओळखायचे, कारण नवव्या मिनिटाला ती पुन्हा त्याच्या खांद्यावर असायची.