पर्यावरणात करिअर: थेट बी.एस्सी., आधी रसायन, की सिव्हिलची वाट?

बारावी सायन्स झाली आणि पर्यावरणात काम करायचं मनात पक्कं असेल, तर महाराष्ट्रात मुख्यतः तीन वाटा आहेत. एक, थेट बी.एस्सी. पर्यावरणशास्त्र. पुण्याच्या फर्ग्युसनसारख्या मोजक्याच कॉलेजांत हा विषय पदवीला मिळतो. दुसरी, रसायन, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात पदवी घेऊन मग एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र. तिसरी, सिव्हिल इंजिनिअरिंग आणि पुढे पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. माझा कौल आधीच सांगतो: बहुतेकांना दुसरी वाट फायद्याची पडते. ज्याचं गणित चांगलं आहे आणि ज्याला सिमेंट, पाइप, पंप यांचा कंटाळा नाही, त्याने तिसरी धरावी. पहिली वाट वाईट नाही, पण ती डोळे उघडे ठेवून घ्यायची आहे.

कारण सरळ आहे. पुणे, कोल्हापूर, जळगाव इथल्या विद्यापीठांत एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राचे विभाग आहेत, आणि या विषयाच्या एम.एस्सी.ला साधारणपणे विज्ञानाच्या इतर शाखांच्या पदवीधरांनाही घेतात. म्हणजे पदवीला पर्यावरण घेतलं म्हणून पुढे रांगेत वरचा नंबर लागतोच असं नाही. उलट रसायनाची पदवी हातात असेल तर पर्यावरणात जमलं नाही तरी औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलपासून शिक्षकीपर्यंतची दारं उघडी राहतात.

सरकारी नोकरीचं स्वप्न असेल तर हा फरक आणखी टोचतो. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला बसायचं तर पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. जंगलाच्या ओढीने बी.एस्सी. पर्यावरणला प्रवेश घ्यायचा आणि वन सेवेच्या अर्जापाशी येऊन अडायचं, ही वेळ टाळता येण्यासारखी आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ, महापालिका, जीवन प्राधिकरण यांच्या पदांचंही तसंच. कुठल्या पदाला कुठली पदवी चालते हे जाहिरातीच्या बारीक अक्षरांत ठरतं, आणि पाणीपुरवठा, मलनिस्सारण म्हटलं की बहुतेकदा सिव्हिल मागतात. म्हणूनच पदवीला ‘पर्यावरण अभियांत्रिकी’ मिळत असली तरी मी सिव्हिलच सुचवतो. विशेषीकरण एम.टेक.ला करता येतं. मुंबईत व्हीजेटीआय आणि आयआयटी, नागपुरात व्हीएनआयटी आहेत.

आता प्रत्यक्ष काम. तिन्ही वाटांची माणसं शेवटी एकाच प्रकल्पावर भेटतात, पण प्रत्येकाचा दिवस वेगळा जातो. तारापूर, तळोजा, लोटे परशुराम किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीतला रासायनिक कारखाना धरा. त्याचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, किती मोठा हवा, वायुवीजनाची टाकी कशी बांधायची, हे इंजिनिअर ठरवतो. सांडपाण्याचा सीओडी-बीओडी (त्यात घाण किती, हे सांगणारी मोजमापं) काढणं, चिमणीवर चढून स्टॅक मॉनिटरिंग, म्हणजे धुराची तपासणी, करणं, हवेतले सूक्ष्म कण मोजणं हे प्रयोगशाळेतल्या एम.एस्सी.वाल्याचं काम. (चिमणीवरच्या त्या अरुंद कठड्यावर उन्हात उभं राहण्याचा उल्लेख कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.) आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या अटी पाळल्या जातात का बघणं, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण वेळेत भरणं, ३० सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरणपत्र देणं हे कंपनीच्या ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) विभागाकडे. ईएचएसमध्ये सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर औद्योगिक सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रमही करावा लागतो. नुसत्या पर्यावरणाच्या पदवीवर ती खुर्ची मिळत नाही.

सल्लागार कंपन्यांमध्ये मात्र पर्यावरणशास्त्राच्या माणसाला खरा वाव आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार खाण, बंदर, महामार्ग, मोठा रासायनिक प्रकल्प अशा कामांना आधी पर्यावरणीय मंजुरी लागते आणि त्यासाठी परिणाम मूल्यांकन अहवाल, म्हणजे ईआयए. हवा, पाणी, माती, आवाज, जैवविविधता, लोकांचं जगणं या सगळ्यांचा मेळ एका दस्तऐवजात घालायचा असतो, आणि हे सगळं थोडं थोडं कळणारा माणूस इथे उपयोगी पडतो. पण वर चढायचं तर एका विषयात खोल जावंच लागतं. ‘नॅबेट’ या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता सल्लागार संस्थेला मिळते ती तिच्याकडच्या विषयतज्ज्ञांच्या जोरावर, आणि हे तज्ज्ञ वायुप्रदूषण, जलप्रदूषण, परिसंस्था, घनकचरा असे वेगवेगळे धरले जातात. इथेही पायाचा विषय कामी येतो. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. आकडे न बिघडवता, गावकऱ्याला कळेल असं मराठी लिहिणारा ज्युनियर ऑफिसात लवकर डोळ्यात भरतो, कारण तशी माणसं कमी आहेत.

इंजिनिअरिंगच्या बाजूला काम किती आहे हे शहरांकडे पाहून कळतं. मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथल्या सात नव्या मलप्रक्रिया केंद्रांची एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर धरली आहे. पुण्यात जपानच्या कर्जातून ३९६ दशलक्ष लिटरची ११ केंद्रं ठरली. बांधून झाली की ती वर्षानुवर्षं चालवायची असतात, आणि त्या चालवण्यात एम.एस्सी.वाल्यालाही जागा असते, फक्त शिफ्टमध्ये. पगाराचं बोलायचं तर सुरुवातीला या सगळ्या कामांत प्रयोगशाळेचा पगार सगळ्यात तुटपुंजा.

अलीकडे मुलं ईएसजीबद्दल, म्हणजे कंपन्यांच्या पर्यावरण, समाज आणि कारभार यांच्या हिशेबाबद्दल, फार विचारतात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने बाजारात नोंदलेल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केल्यावर मुंबई-पुण्यात ही कामं वाढली. काम वातानुकूलित ऑफिसात, एक्सेल आणि सादरीकरणाचं. पण तिथे तुमची स्पर्धा सी.ए. आणि एम.बी.ए.वाल्यांशीही असते हे लक्षात ठेवा.

मग थेट बी.एस्सी. पर्यावरण कोणी करावं? ज्याला प्राध्यापकी करायची आहे त्याने अवश्य विचार करावा; नेट आणि सेट या दोन्ही पात्रता परीक्षांत हा स्वतंत्र विषय आहे. आणि ज्याचं पीसीबी आहे, ज्याला रसायनाच्या प्रॅक्टिकलचा मनापासून वैताग आहे, पण नदी, शहर, कायदा, समाज हे एकत्र शिकायला आवडतं, त्यानेही. वन्यजीवांची ओढ असलेल्यांनी मात्र प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन पुढे डेहराडूनची वन्यजीव संस्था किंवा पुण्याच्या आबासाहेब गरवारे कॉलेजातली जैवविविधतेची एम.एस्सी. बघावी. पश्चिम घाटाचा अहवाल देणारे माधव गाडगीळ प्राणिशास्त्राचेच विद्यार्थी होते.

पीसीबी घेणाऱ्यांना एक विनंती: झेपत असेल तर बारावीचं गणित सोडू नका. २०२१ पासून गेटमध्ये, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेत, पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे, आणि एम.एस्सी. करूनही त्या बाजूला वळावंसं वाटू शकतं. तेव्हा गणित नसलं तर अडतं. गणिताशिवायही जमण्यासारखी एक गोष्ट म्हणजे क्यूजीआयएस. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, नकाशे करायला शिकायला पहिल्या वर्षापासून सुरुवात करता येते, आणि सल्लागार कंपन्यांत मुलाखतीला ते विचारतात.

कॉलेज निवडताना इमारत आणि बागेकडे बघू नका. विभागात जाऊन शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. प्रयोगशाळेतली यंत्रं कोण वापरतं, मुलं की फक्त शिपाई धूळ पुसतो? गेल्या वर्षीचे प्रकल्प कुठे झाले? नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेत, एखाद्या कारखान्यात, सल्लागार कंपनीत, की कॉलेजच्याच तळ्यावर? तळ्याचं उत्तर आलं, तर तिथे प्रवेश घेण्याआधी आणखी एक कॉलेज पाहून या.