बर्फाखालची जमीन मोजायची: विमानातलं रडार, स्लेज, सुरुंग की गुरुत्वमापक?

तीन किलोमीटर जाड बर्फाखाली खडक किती खोल आहे हे विमानातून उडता उडता कळतं, कारण थंड बर्फ रेडिओ लहरींना फारसा अडवत नाही. पंखांखालचा अँटेना स्पंद सोडतो, त्यातला थोडा भाग बर्फाच्या पृष्ठभागावरून परततो आणि उरलेला आत शिरून तळावर आपटून येतो. बर्फात या लहरींचा वेग सेकंदाला साधारण १,६८,००० किलोमीटर. म्हणजे तीन किलोमीटर बर्फातून जाऊन यायला ३६ मायक्रोसेकंद लागतात. वेळ मोजला की जाडी हाती येते.

अंटार्क्टिका किंवा ग्रीनलँडवर काम सुरू करताना कुठली पद्धत निवडायची, कुणाच्या आकड्यांवर विसंबायचं, अशा पेचात जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझं मत आधीच सांगते. तळ कुठे आहे एवढंच हवं असेल आणि प्रदेश मोठा असेल, तर विमानातल्या रडारला तोड नाही. पण तळाखाली काय आहे किंवा तरंगत्या बर्फाखाली समुद्र किती खोल आहे हे हवं असेल, तर रडारच्या मागे लागून हंगाम वाया घालवू नका.

विमानाची खरी ताकद आहे ती अंतरात. केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटने अमेरिकन आणि डॅनिश सहकाऱ्यांबरोबर १९६७ ते १९७९ या काळात अंटार्क्टिकावर सुमारे चार लाख किलोमीटर रडार-उड्डाणं केली. नोंदी फिल्मवर झाल्या, आणि त्या आजही कामी येतात. स्लेजवरचं रडार ओढत नेणाऱ्या स्नोमोबाइलला एवढं अंतर कापायला कित्येक पिढ्या लागल्या असत्या. शिवाय भेगाळ बर्फावर स्नोमोबाइल न्यायची म्हणजे जिवाशी खेळ. विमान त्या भेगांवरून सरळ निघून जातं.

तरी स्लेजला मोडीत काढू नका. अँटेना बर्फाला टेकलेला, वेग कमी, त्यामुळे एकाच जागेवरचे पुष्कळ स्पंद एकत्र करता येतात आणि क्षीण प्रतिध्वनीही वर उठून दिसतो. हिमगाभा (बर्फात खोलवर छिद्र पाडून काढलेला बर्फाचा दांडा) काढण्यासाठी जागा ठरवायची असेल, वीस-तीस किलोमीटरचा पट्टा बारकाईने बघायचा असेल, तर मी स्लेजच निवडेन.

रडारचं कच्चं चित्र एकदा तरी स्वतः उघडून बघा. वरची ठळक रेघ पृष्ठभागाची. तिच्याखाली पोळीच्या पापुद्र्यांसारखे थर, प्रत्येक थर एका काळच्या हिमवर्षावाचा. सगळ्यात खाली खडबडीत, कुठे उजळ तर कुठे पुसट, ती तळाची रेघ. आणि मध्येच पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल करणारी आणखी एक रेघ दिसते, ती मात्र खोटी. स्पंद बर्फावरून विमानावर आदळून पुन्हा खाली जातो, त्याची ती खूण. विमान ५०० मीटर उंचीवर असेल तर ही रेघ बर्फात सुमारे २८० मीटर खोलीवर उमटते. पातळ बर्फाच्या भागात तिलाच तळ समजून आकडे काढले की सगळं गणित फसतं.

दुसरा धोका दऱ्यांचा. अँटेना फक्त सरळ खाली बघत नाही. अरुंद खोल दरीवरून जाताना बाजूच्या कड्यांचे प्रतिध्वनी आधी येतात आणि दरीचा तळ त्यात झाकला जातो. पूर्व अंटार्क्टिकातल्या डेनमन हिमनदीवर नेमकं हेच झालं. तिथल्या दरीचा तळ रडारला नीट सापडत नव्हता. मग बर्फ किती वेगाने वाहतो आणि वर किती बर्फ पडतो यांचा ताळा जुळवून जाडी काढली, आणि दरी समुद्रसपाटीखाली सुमारे ३,५०० मीटर भरली. वस्तुमान टिकतं या तत्त्वावर चालणारी ही पद्धत वेगवान हिमनद्यांवर उत्तम चालते, आतल्या संथ प्रदेशात नाही. तिला लागणारा पृष्ठभागाचा वेग उपग्रह देतात. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेला नासा-इस्रोचा निसार उपग्रह त्याच कामाचा आहे. निसारच्या नावात रडार आहे म्हणून तो तळ दाखवेल अशी समजूत करून घेऊ नका. तो बर्फाची हालचाल मोजतो.

आता सिस्मिक, म्हणजे सुरुंगाच्या धक्क्याने मोजायची पद्धत. बर्फात भोकं पाडायची, त्यात स्फोटकं पुरायची, जिओफोनची (कंप टिपणाऱ्या यंत्रांची) रांग मांडायची आणि परतणाऱ्या ध्वनिलहरी टिपायच्या. दिवसाकाठी हाती लागतात जेमतेम काही किलोमीटर, माणसं दमतात, खर्चही दणदणीत. पण रडार जिथे थांबतं तिथून पुढे सिस्मिक जातं. व्होस्तोक सरोवराचं उदाहरण घ्या. जवळपास चार किलोमीटर बर्फाखाली काहीतरी सपाट आहे हे १९७०च्या दशकातल्या रडार-उड्डाणांनी दाखवलं. तळाची रेघ एकाएकी आरशासारखी गुळगुळीत होत होती. पण पाण्याला खोली किती? ते कळलं रशियन भूगोलतज्ज्ञ आंद्रेई कापित्सा यांच्या त्याआधीच्या सिस्मिक नोंदी १९९०च्या दशकात पुन्हा तपासल्यावर. व्होस्तोक संशोधन केंद्राखाली पाणी सुमारे ५०० मीटर खोल निघालं. तळाशी कडक खडक आहे की चिखलासारखा गाळ, हेही सिस्मिक खात्रीने सांगतं. बर्फ घसरणार किती हे त्यावर ठरतं, म्हणून पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्ससारख्या हिमनदीवर एवढा खटाटोप करावासा वाटतो.

गुरुत्वमापन म्हणजे गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजून खाली खडक किती खोल आहे याचा अंदाज बांधणं. त्याचं यंत्र रडारच्याच विमानात बसतं, म्हणून स्वस्त पडतं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागून तरंगणाऱ्या रॉस आइस शेल्फखालच्या समुद्रतळाचा आराखडा २०१५ ते २०१७ च्या उड्डाणांत साधारण दहा-दहा किलोमीटरच्या रेघा मारून असाच काढला, कारण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात रडारच्या लहरी शिरत नाहीत. त्यातून मोठे खळगे आणि उंचवटे कळतात, लहान दऱ्या नाहीत. शिवाय खडकाची घनता बदलली की उत्तरही बदलतं.

बहुतेकांना स्वतः उडायचं नसतंच, तयार नकाशा हवा असतो. २०२५ चा बेडमॅप३ ५०० मीटरच्या चौकटींत येतो आणि अंटार्क्टिकातला सर्वांत जाड बर्फ ४,७५७ मीटर दाखवतो. काम फार मोलाचं आहे, पण ५०० मीटरची चौकट म्हणजे दर ५०० मीटरवर कुणी मोजलंय असं नाही. काही भागांत दोन उड्डाणरेघांमध्ये पुष्कळ अंतर आहे आणि मधली जागा गणिताने भरलेली आहे. तुमच्या भागापासून सर्वांत जवळची रेघ किती लांब आहे हे आधी बघा, सोबत दिलेला त्रुटीचा नकाशा उघडा, मगच बर्फाचं प्रारूप (मॉडेल) चालवा. नासाच्या २००९ मध्ये सुरू झालेल्या, आता संपलेल्या आइसब्रिज मोहिमेच्या आणि ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या बऱ्याच उड्डाणांच्या नोंदी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, तेव्हा मूळ रेघ बघायला सबब नाही.

एकाच हंगामाचे पैसे असतील तर मी ते असे वाटेन: विमान आतल्या प्रदेशासाठी, गुरुत्वमापक त्याच विमानात, आणि सिस्मिकची तुकडी, भेगांनी वाट दिली तर, बर्फ जमीन सोडून तरंगू लागतो त्या रेषेवर. तिथे एका बाजूला रडारचे आकडे असतात, दुसऱ्या बाजूला गुरुत्वाचे, आणि दोन्ही जोडताना नकाशात पायरी पडते. समुद्राचं कोमट पाणी बर्फाखाली शिरतं तेही तिथूनच.