जुनं कौलारू घर की नवा फ्लॅट?

गोव्यात म्हापसा-फोंड्याकडे घर शोधणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडते. ब्रोकरचं कौतुक बाजूला ठेवा. कागद, खर्च आणि पावसाळा एवढंच बघू.

कागदांत जुनं घर दमवतं. फॉर्म एक व चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, चार-पाच नावं, त्यातलं एखादं कधीच वारलेलं. मग इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, झालंय का, हे पहिल्यांदा विचारा. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणून प्रत्येक वारसासोबत जोडीदाराचीही सही लागते. मुंबईतल्या एका सुनेची सही राहिली तरी व्यवहार लटकतो. आवारात मुंडकार (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) असेल तर 1975 च्या कायद्याने त्याचा हक्क राहतोच, मालक बदलला तरी. फ्लॅटचं त्या मानाने सोपं: सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद), रेरा या गृहप्रकल्प नियामकाकडची नोंदणी, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (राहायला परवानगीचा दाखला). करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे देऊ नका.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर साधारण 5 टक्के जीएसटी. कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळाल्यावर घेतला तर नाही. जुन्या घराला तो नाही, पण छप्पर पैसे खातं. भिंतीत शिरलेल्या वाशाच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज, आणि ती एका वाशावर क्वचितच थांबते.

दोन्ही बघायचे ते जुलैत. चिऱ्याच्या भिंतीत ओल किती उंच चढते, गच्चीखालच्या फ्लॅटचं छत गळतं का, हे रंगकाम झाल्यावर मे महिन्यात कळत नाही.

कर्ज काढून लगेच राहायला जायचं असेल, तर ऑक्युपन्सी मिळालेला फ्लॅट. वर्षभराची सवड, दुरुस्तीला वेगळे पैसे आणि चिकाटीचा वकील असेल, तरच जुनं घर.