पद्मिनीच्या दारांचं नवं रबर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पाचपैकी साडेतीन. मे महिन्यात लिहायला बसलो असतो तर एकही दिला नसता, आणि गणपतीत लिहिलं असतं तर भरात पाच देऊन मोकळा झालो असतो.

गाडी बाबांची, पद्मिनी. जुनं बीडिंग, म्हणजे दारांच्या कडेचं रबर, चपटं होऊन वाळून गेलं होतं, पन्हाळा चढेपर्यंत मागच्या सीटखाली पाणी साचायचं. कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटची पद्मिनी बाहेर पडून दोन दशकं उलटली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीही संपल्या. आता ‘पद्मिनीचं बीडिंग’ मागितलं की दुकानदार काय हातात ठेवेल याचा नेम नाही. मला इथल्या, कोल्हापुरातल्या एका दुकानात फुटावर मोजून जे दिलं ते भरीव रबर निघालं. बसवलं आणि चारही दारं बॉडीच्या बाहेर.

तीन दारं आदळून का होईना लागायची. मागचं डावं मात्र हट्टाला पेटलेलं, आणि आई नेमकी तिथंच बसते. लॉकला दोन टप्पे असतात. पहिल्यात अडकलं की दार लागल्यासारखं दिसतं, पण हातानं ओढलं की हलतं. असं दार घाटात वळणावर उघडू शकतं. आईच्या हातानं ते दुसऱ्या टप्प्यात कधी गेलंच नाही. दरवेळी मी इंजिन चालू ठेवून उतरायचं, वळसा घालायचा आणि धाडकन आपटायचं. आमच्या घरात रोज भांडणं होतात असा गल्लीत समज झाला होता.

दुकानदाराचं एकच पालुपद, “नवीन हाय सायेब, बसतंय की म्हैनाभरात.” पोकळ स्पंजचं रबर बसतं, मान्य. दार पूर्ण लावून गाडी काही दिवस उन्हात ठेवली की ते आकार घेतं. भरीव रबराला दबायला आत जागाच नाही, ते कुठं बसणार? मग बिजागरी झिजते, नाहीतर दाराची चौकट वाकते. परत करायला गेलो तर म्हणे कापलेला माल घेत नाही. आवाज चढले, दोन गिऱ्हाईकं माझ्या बाजूनं बोलली, पैसे काही मिळाले नाहीत. त्यात घरच्या सगळ्यांचं तांबडा-पांढरा झालं असतं, हे अजून डोक्यातून जात नाही.

दुसरं रबर कुरिअरनं मागवलं, ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) स्पंजचं, पोकळ. भाव जवळजवळ दुप्पट. यावेळी आधी फट मोजली. रबर काढून टाकलं, कणकेच्या गोळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चौकटीवर चिकटवल्या, दार हळूच लावलं आणि दबलेल्या कणकेची जाडी बघितली. इतर दारांना सगळीकडं सारखी. मागच्या डाव्याला वरती ९ मिलिमीटर, खाली जेमतेम ५. दार लोंबलं होतं. उघडं दार टोकाला धरून उचललं की बिजागरीत ‘खट’ वाजायचं, पिन झिजलेली. तयार पिन मिळेना, म्हणून शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या मामांकडं जुनी नेऊन दिली. त्यांनी व्हर्नियर लावून माप घेतलं, “दुपारी ये,” म्हणाले, आणि दुपारी पिन तयार. अख्ख्या प्रकरणात पैसे देताना हात आखडला नाही तो इथंच.

मग खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराचं लॉक ज्यात अडकतं तो तुकडा. जुनं रबर जसं चपटं होत गेलं, तसं दार खडखडू नये म्हणून मिस्त्री लोकांनी वर्षानुवर्षं तो आत सरकवलेला. नवं रबर लावल्यावर तो थोडा बाहेर यायला हवा. गंजलेले स्क्रू रात्रभर डिझेलमध्ये भिजवले, मूळ जागेभोवती पेन्सिलनं रेघ मारली, इम्पॅक्ट ड्रायव्हरनं ढिले करून दोरीभर बाहेर घेतला.

तरीही आईला जमेना! शेवटी एक गोष्ट लक्षात आली. पुढची तिकोनी काच उघडी असली की दार टक् करून लागायचं, सगळ्या काचा बंद असल्या की नाही. थोडी हवा कोंडणं साहजिकच आहे, पण बाकीच्या तीन दारांना हा त्रास नव्हता. वाकून बघितलं तर या रबराला हवा जायला दिलेली बारीक छिद्रं बसवणाऱ्या पोऱ्यानं सोल्यूशननं बुजवलेली. रबर सायकलच्या ट्यूबसारखं फुगून बसायचं. ओळखीच्या चप्पलवाल्याकडून आरी आणली आणि एकेक छिद्र मोकळं केलं, तीही आतल्या बाजूची, म्हणजे पाणी शिरायला नको. त्या संध्याकाळी आईनं दोन बोटांनी दार लावलं आणि “आता कसं,” म्हणाली.

पावसाळ्यात मागचं पायपुसणं कोरडं राहिलं. दारात दहाची नोट अडकवून ओढली तर सगळ्या कडेनं सारखीच घट्ट येते. आतला आवाजही बराच कमी झालाय.

दीड गुण कापला तो असा. नव्या रबराचा काळा रंग आईच्या दोन साड्यांच्या काठांना लागला, त्याचा एक. (चिकटपणा जावा म्हणून सर्व्हिसिंगवाल्या पोरानं साधं ग्रीस फासलं, तर तो तुकडा फुगून बुळबुळीत झाला. ईपीडीएमला पेट्रोलियम ग्रीस चालत नाही, सिलिकॉनचंच लावा.) अर्धा गुण खालच्या जोडाचा. बसवताना रबर ताणल्यामुळं ते आता आकसलंय आणि जोडापाशी बोटभर फट पडलीय. तेवढाच तुकडा मागितला तर विक्रेता म्हणतो किमान एक मीटर घ्यावं लागेल, कुरिअर वेगळं. मी अर्ध्या मीटरवर अडून बसलोय, बघू.