साहेबांनी खोलीचं भाडं रोख मोजलं आणि आम्ही विश्वासलो

आमचं तारकर्ली रस्त्याला छोटं न्याहारी निवास आहे. तीन खोल्या, मागे माड, पुढे तुळस. २०२३ च्या डिसेंबरात मालवणात नौदल दिन झाला आणि त्यानंतर पर्यटकांची रीघ वाढली. घरोघरी पोरंही नौदल, लष्कर बोलू लागली. माझी मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट हातात. तिचा गणवेशातला फोटो आम्ही हॉलमध्ये लावलाय. तो फोटोच नडला म्हणायचा.

मे महिन्यात एक गृहस्थ चार दिवस राहिले. बारीक कापलेले केस, चकचकीत बूट, सकाळी स्वतःच चादरीची घडी घालणारे. "फौजेतून निवृत्त" म्हणाले. भाडं घासाघीस न करता आगाऊ रोख मोजलं. सुरमई खाता खाता फोटोकडे बघून म्हणाले, "मुलीचा फॉर्म भरलात का? ती थेट एसएसबीला जाऊ शकते."

एसएसबी म्हणजे सैन्यदलात अधिकारी निवडण्यासाठीची मुलाखत आणि चाचण्या. हे खोटं नव्हतं. 'सी' सर्टिफिकेटवाल्यांना लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. असा माणूस आधी खरं बोलतो, मग त्या खऱ्यावर खोटं रचत जातो.

म्हणाले, सीडीएसचा, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी भरतीसाठी यूपीएससी घेते त्या लेखी परीक्षेचा, फॉर्मही भरून ठेवू, दोन्हीकडून प्रयत्न. मार्गदर्शनाचे नऊ हजार, गणिताच्या नोट्सचे अडीच हजार, यूपीएससीची फी दोनशे. मी यूपीआयने दिले. त्यांनी आमच्याच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि मोबाईल नंबर, ईमेल दोन्ही स्वतःचे टाकले. "पोरांकडून ओटीपी चुकतात," असं कारण दिलं. मी मान डोलावली. जाताना सर्टिफिकेटची मूळ प्रत 'साक्षांकनासाठी' घेऊन गेले.

बायको तेव्हाच म्हणाली होती, "जो पैशे मागता तो कसलो सायब?" मी तिच्यावरच डाफरलो.

जुलैत, पाऊस धो धो असताना, व्हॉट्सॲपवर कॉल लेटर आलं. अशोकस्तंभ, शिक्का, सगळं. केंद्र पुणे. सोबत वैद्यकीय तपासणीची पंधरा हजार अनामत, 'निवड झाल्यावर परत'. तेही भरले. मग साहेब फोन उचलेनात.

मी ते पत्र घेऊन ओरोसला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथे एक निवृत्त सुभेदार बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पत्र वाचलं आणि एवढंच विचारलं, "पुण्याला एसएसबीचं केंद्र कधी झालं?" लष्कराच्या उमेदवारांना प्रयागराज, भोपाळ, बेंगळुरू, जालंधरकडे बोलावतात. तिथे पाच दिवस मुलांना छातीवरच्या नंबरने ओळखतात. मानसशास्त्रज्ञ, मैदानावर गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी (जीटीओ) आणि मुलाखत घेणारा अधिकारी वेगवेगळे गुण देतात, त्यामुळे एकाशी ओळख काढून काही हलत नाही. अनामत तर नाहीच. उलट पहिल्यांदा जाणाऱ्याला सरकारच रेल्वेचं भाडं देतं. आणि लेखी परीक्षा पास झालेल्या किंवा एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटवाल्या मुलामुलींना नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी फुकट करून देतात, राहण्याजेवणासकट. हे कार्यालय आमच्या घरापासून तासाभरावर, आणि मी तिथे गेलो ते २६,७०० रुपये घालवल्यावर.

घरी येऊन मुलीने सीडीएसची जाहिरात पहिल्यांदा स्वतः वाचली. मुलींना फीच नाही. चेन्नईच्या ओटीएसाठी, म्हणजे लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, गणिताचा पेपरच नसतो, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. म्हणजे दोनशे रुपयेही खोटे आणि नोट्सही. साहेबांनी दिलेल्या अर्जाच्या पावतीचा नंबर साइटवर टाकून बघितला तर तशी नोंदच सापडेना. अर्ज पुरा झालाच नव्हता आणि मुदत केव्हाच संपली होती.

पैशांचं मी एक वेळ सोसेन. पण पंचविशीपर्यंतच्या वयाच्या मर्यादेत तिची एक संधी गेली आणि सर्टिफिकेट गेलं, ते जास्त लागलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पोलिसांत तक्रार दिली. तिथले हवालदार म्हणाले, पैसे गेल्या गेल्या चोवीस तासांत आला असतात तर खातं गोठवता आलं असतं.

पुढच्या वेळचा फॉर्म मुलीने स्वतः भरला, त्याच टेबलावर. दोनदा लाईट गेली, फोटोच्या साइजवरून वैतागली, तरी सव्वा तासात झाला. ईमेल तिचा, नंबर तिचा. सर्टिफिकेटच्या दुसऱ्या प्रतीसाठी कॉलेजमार्फत अर्ज केलाय, ती अजून आलेली नाही.

साहेबांचा तो नंबर मात्र चालू आहे. डीपीला टोपी आणि तिरंगा. परवा वेंगुर्ल्याच्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, त्यांच्या शेजाऱ्याकडे असंच कुणीतरी उतरलं होतं, भाडं आगाऊ देऊन.